काट्यावर चढण्याआधी

भंगाराच्या धंद्यात लोखंडाच्या दोन जाती पहिल्याच दिवशी वेगळ्या होतात. घडीव लोखंड आणि पोलाद एका ढिगात, बीड, म्हणजे ओतीव लोखंड, दुसऱ्या ढिगात. येवल्याच्या विंचूर चौफुलीवरून वैजापूरच्या अंगाने निघालेला भंगाराचा ट्रक जालन्याला रिकामा झाला, की पहिला ढीग तिथल्या भट्ट्यांमध्ये वितळतो आणि बांधकामाची सळई होऊन बाहेर पडतो. बिडाचा ढीग फाउंड्रीकडे जातो. तिथे पाठवण्याआधी त्यातले मोठे नग घणाने फोडतात, कारण बीड ठिसूळ असतं आणि तुकडे भट्टीत टाकायला सोपे जातात. जुना व्हाइस या दोन्ही ढिगांत सापडतो. लोहाराचा लांब पायाचा व्हाइस पहिल्यात, फिटरच्या टेबलावरचा ओतीव व्हाइस दुसऱ्यात. सहा इंची जबड्याचा ओतीव व्हाइस वीस-पंचवीस किलो सहज भरतो, म्हणून भंगारवाल्याला तो आवडतो. घणाचे दोन-तीन घाव पडले की त्याच्यावरची अक्षरंही फुटतात आणि तो कुठल्या कारखान्यात ओतला, कुणाच्या टेबलावर बसला, हे कळण्याची वाट बंद होते.

येवला, मनमाड, मालेगाव या पट्ट्यातले असे ढीग मी बरीच वर्षं पाहत आलो आहे. व्हाइस गोळा करणारे लोक जगभर आहेत. इंग्लंड-अमेरिकेत तर जुन्या कंपन्यांचे कॅटलॉग पानापानाने अभ्यासून कुठला नमुना कोणत्या साली निघाला याच्या याद्या झाल्या आहेत. आपल्याकडे जो व्हाइस आहे त्याची अशी यादी नाही, आणि ती करण्याची वेळ आता हातातून निसटते आहे.

व्हाइस हे वर्कशॉपमधलं सगळ्यात दीर्घायुषी हत्यार. त्याला मोटर नाही, पट्टा नाही, वीज लागत नाही. एक स्क्रू, एक नट, दोन जबडे आणि एक दांडा. लेथ जुना होतो, ड्रिल मशीन मोडीत निघतं, पण शंभर वर्षांचा व्हाइस तेल-ग्रीस मिळालं तर आजही पहिल्या दिवसासारखा पकडतो. त्यामुळे मालक बदलतात, दुकान बंद पडतं, शेड पाडली जाते, तरी व्हाइस पुढच्या टेबलावर जातो. एकाच नगावर दोन-तीन मालकांच्या खुणा सापडतात त्या यामुळेच.

येवल्यात तो आला कुणासाठी? सतराव्या शतकात रघोजी नाईकांनी वसवलेलं हे गाव रेशीम आणि जरीवर वाढलं. पोलादी पट्टीतल्या एकाहून एक बारीक भोकांतून चांदीची तार ओढत नेणारे तारकस इथे होते. आता जर सुरतेहून येते, पण हातमाग आहेत, आणि मागाचे लोखंडी भाग घडवणारा, दुरुस्त करणारा हात गावात लागतोच. दसऱ्याच्या सुमाराला भरणारा घोडेबाजार, टांगे, नालबंद, बैलगाडीच्या धावा, मोटेची चाकं या सगळ्यांमागे लोहाराचा भाता होता आणि भात्याशेजारी व्हाइस. पुढे विहिरींवर तेलाची इंजिनं आणि पंप बसले, मग ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या आल्या. कांद्याच्या हंगामात ट्रॉलीचा हूक तुटला तर तो आजही कुणीतरी व्हाइसमध्येच धरतो.

पण या भागात चांगल्या प्रतीचा व्हाइस आणला तो रेल्वेने. दौंड-मनमाड मार्ग १८७८ साली पूर्ण झाला आणि येवल्याला स्टेशन मिळालं. निजामाच्या रेल्वेचा मनमाडहून औरंगाबादकडे जाणारा मीटर गेजचा मार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाला, त्यावरचं नगरसूल आपल्याच तालुक्यात. मनमाडला जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचं इंजिनीअरिंग वर्कशॉप १९०४ सालचं, पुलांचे गर्डर तिथे तयार होतात. अशा ठिकाणी व्हाइस डझनांनी लागत, आणि ते विलायतेहून येत. दुसरी वाट साखर कारखान्यांची. कोपरगावजवळच्या साकरवाडीत सोमय्यांची गोदावरी शुगर मिल्स १९३९ साली उभी राहिली, मग प्रवरेपासून सहकारी कारखान्यांची रांग लागली, आणि प्रत्येक कारखान्याला स्वतःचं दुरुस्ती वर्कशॉप होतं. तिसरी वाट लष्कराची. नगर आणि देवळाली दोन्ही जवळ, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचा शिल्लक माल डिस्पोजलमध्ये निघाला तेव्हा पुष्कळ हत्यारं साध्या गॅरेजांत पोहोचली.

ओळख पटवायची तर पहिला प्रश्न घडीव की ओतीव.

लोहाराचा व्हाइस घडीव. त्याला लांब पाय असतो आणि तो पाय जमिनीत पुरलेल्या दगडावर किंवा ओंडक्यावर टेकलेला असतो. लाल लोखंडावर घण पडला की धक्का पायावाटे जमिनीत जातो, टेबलाला आणि स्क्रूला त्याचा त्रास होत नाही. म्हणून ठोकाठोकीसाठी याला तोड नाही. त्याचे जबडे खाली बिजागरीवर फिरतात, त्यामुळे ते समांतर न उघडता कोनात उघडतात, आणि जाड वस्तू धरली की पकड एका कडेवर येते. दोन जबड्यांच्या मध्ये पानासारखी स्प्रिंग असते, स्क्रू सैल केला की ती पुढचा जबडा लोटते. भंगारात ही स्प्रिंग बहुधा हरवलेली असते, पण ती करून घेणं अवघड नाही. हरवली म्हणून असा व्हाइस सोडू नये.

या व्हाइसचं वय सांगणारी जागा म्हणजे स्क्रू ज्यात शिरतो ती पेटी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत नळीच्या आत चौकोनी आटे कापणं फार कष्टाचं होतं. तेव्हाचे कारागीर स्क्रूच्या आट्यांमधल्या खाचेत बसेल अशी लोखंडी पट्टी गुंडाळत, ते वेटोळं नळीत सरकवत आणि पितळ वितळवून आतून झाळून टाकत. पेटीच्या तोंडात टॉर्च मारून आत पाहिलं की आट्याच्या कडेला पितळेची पिवळी रेष दिसते. ती दिसली तर हातातली वस्तू जुनी आहे, किंवा जुन्या पद्धतीने काम करणाऱ्या हातची आहे. झाळ सुटली की सगळं वेटोळं नटातून बाहेर येतं, हा त्या रचनेचा दोष. इंग्लंडमधल्या डडलीच्या पीटर राइट यांनी एकसंध लोखंडात आटे कापलेली पेटी बाजारात आणून तो दोष काढला. त्यांच्या पेटीवर नाव आणि ‘पेटंट सॉलिड बॉक्स’ ही अक्षरं ठोकलेली असतात. ती गंजाखाली असतात, म्हणून पेटीवर तारेचा ब्रश हलक्या हाताने फिरवून पाहावा.

जबड्याची कड नीट पाहिली तर अंग साध्या लोखंडाचं आणि पकडीची पट्टी पोलादाची, दोन्ही भट्टीत तापवून ठोकून एकजीव केलेली, हेही कळतं. सांध्याची फिकट रेष आडवी दिसते. नाव नसलेल्या कित्येक लांब पायाच्या व्हाइसांवर ही रेष वाकडी असते, पाय थोडा पिळलेला असतो, टेबलाला धरणारी पट्टी पाचर ठोकून बसवलेली असते. हे इथल्याच लोहारांचं काम असण्याचा संभव मोठा. माझ्या मते गोळा करण्यासारखी पहिली वस्तू हीच. पीटर राइटचा इतिहास लिहायला इंग्लंडमध्ये माणसं आहेत. अंदरसूल किंवा पाटोद्याच्या लोहाराने स्वतःसाठी घडवलेला व्हाइस कुणाच्याच कॅटलॉगमध्ये नाही.

ओतीव व्हाइसचं पाहणं वेगळं. येवल्यातली जाणती बाई पैठणी घेताना पदर आधी उलटा करून पाहते, तसा हा व्हाइस उलटा करून पाहावा. वरचा भाग शंभरदा रंगवलेला, ठोकलेला, घासलेला असतो. खालच्या पोकळीत मात्र ओतकामाचे आकडे, साच्याची खूण, कधी इंचांतलं माप तसंच राहतं. सरकत्या जबड्याची दांडी पूर्ण बाहेर काढून तिच्या पोटाकडे पाहावं. अमेरिकेत शिकागोच्या विल्टन कंपनीने १९४० च्या दशकात तर हमी कधी संपते त्याचा महिना आणि साल याच जागी ठोकलं होतं. त्यातून पाच वर्षं वजा केली की व्हाइसचा जन्म मिळतो. असा नग आपल्याकडे क्वचितच दिसेल, पण पाहायची सवय कामाची आहे.

आपल्या भागात जास्त आढळतात ते ब्रिटिश. शेफील्डच्या सी. अँड जे. हॅम्प्टन यांचा रेकॉर्ड हा छाप १९०९ पासूनचा. पुढे त्यांच्या व्हाइसांचा निळा रंग इतका ठरून गेला की दुसऱ्यांनीही तो उचलला. त्यामुळे निळा रंग हा पुरावा धरू नये, अंगावर उठवलेलं नाव आणि नंबर पाहावा. तीन नंबर म्हणजे चार इंची जबडा, सहा नंबर म्हणजे सहा इंची. सुताराच्या टेबलाखाली बसणारा बावन्न नंबर सात इंची. यॉर्कशायरमधल्या शिपलीच्या पार्किन्सन यांचा ‘परफेक्ट’ व्हाइस हाताला लगेच कळतो. दांड्याशेजारी एक छोटी कळ असते, ती दाबली की अर्धा नट स्क्रूपासून सुटतो आणि जबडा एका ओढीत मागेपुढे होतो. कळ सोडली की नट पुन्हा आट्यांत बसतो. ही रचना चालू स्थितीत मिळाली तर ती पाहण्यात वेगळंच समाधान आहे, कारण फिटरचा दिवसभराचा किती वेळ नुसता दांडा फिरवण्यात जातो हे ज्याने काम केलं आहे त्याला माहीत असतं.

नाव घासून गेलं असेल तर बाकीच्या खुणा बोलतात. इंग्रजीत शब्द व्ही-आय-सी-ई असा उठवला असेल तर ब्रिटिश वळणाचा, व्ही-आय-एस-ई असेल तर अमेरिकी. ब्रिटिश पेटंटचे आकडे पूर्वी दर वर्षी एकपासून सुरू होत. १९१६ पासून १,००,००१ या आकड्याने सलग मोजणी सुरू झाली. म्हणून सहा आकडी ब्रिटिश पेटंट नंबर दिसला की वस्तू त्यानंतरची. अमेरिकी पेटंटने दहा लाखांचा आकडा १९११ साली गाठला आणि वीस लाखांचा १९३५ साली, त्यावरून तिथल्या मालाचा अंदाज बांधता येतो. नोंदणी केलेल्या ब्रिटिश नक्षीची, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची खूण असेल तर ती १८४२ ते १८८३ या काळातली, आणि ‘आर-डी नंबर’ असेल तर १८८४ नंतरची. ‘वेस्ट जर्मनी’ म्हणजे १९४९ नंतर. मिलिमीटरमधलं माप उठवलेला भारतीय व्हाइस आपण दशमान पद्धत घेतल्यानंतरचा. इंचांतल्या मापावरून मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण इंच आपल्या वर्कशॉपमधून अजून गेलेला नाही. आयएसआयची खूण असेल तर १९५० च्या दशकाच्या आधीचा तो नक्कीच नाही.

विक्रेत्याची पितळी पट्टी टिकली असेल तर ती जपावी. हत्यारांचा मोठा बाजार मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर, आणि तिथल्या दुकानदारांच्या पट्ट्या व्हाइसवर, लेथवर, पंपावर सापडतात. पत्ता ‘बॉम्बे ३’ असा असेल तर तो पिनकोड येण्याआधीच्या धाटणीचा. ‘४०० ००३’ असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला.

मालकाच्या खुणा छिन्नीने किंवा ठशाने ठोकलेल्या असतात, कारखान्याच्या अक्षरांसारख्या ओतलेल्या नसतात. ‘जीआयपीआर’ असेल तर ठसा १९५१ च्या आधीचा, कारण त्या वर्षी जीआयपी, निजामाची रेल्वे आणि आणखी काही मिळून मध्य रेल्वे झाली. बाणाची खूण सरकारी मालाची, आणि बाणाखाली इंग्रजी ‘आय’ असेल तर हिंदुस्थानच्या लष्करी भांडाराची. एकाच जबड्यावर बाण, त्याच्या शेजारी साखर कारखान्याचा नंबर आणि खाली गॅरेजमालकाने वेल्डिंगने काढलेली आद्याक्षरं, असा नग हातात आला की रंगाचा ब्रश दूर ठेवावा. त्यातलं एकही अक्षर घासून काढण्याचा अधिकार आपल्याला नाही असं मी मानतो.

नकला पुष्कळ. मूळ व्हाइसच साच्यात दाबून त्याची प्रत ओतली तर बीड थंड होताना आक्रसतं, फुटामागे साधारण एक अष्टमांश इंच. म्हणजे सहा इंची जबड्याची नक्कल दीड मिलिमीटर अपुरी भरते, अक्षरांच्या कडा गोल होतात आणि बारीक ओळ तर वाचताच येत नाही. व्हर्नियर लावला की हे कळतं. पण नक्कल म्हणून तिला कमी लेखू नये. परदेशी चलनाच्या टंचाईत आयात आवळली गेली तेव्हा जालंधर, लुधियाना, बटाल्याच्या आणि आपल्याकडच्या छोट्या फाउंड्र्यांनी हेच व्हाइस ओतून देशभरची वर्कशॉपं चालू ठेवली. आयटीआयमध्ये कानस मारायला शिकलेल्या कितीतरी फिटरांचे हात अशाच व्हाइसवर बसले आहेत.

घेण्याआधी काय पाहावं? दांडा वाकलेला असेल तर कुणीतरी त्यात पाइप घालून जोर लावला आहे, मग मागच्या जबड्याच्या मुळाशी आणि नटाच्या घराभोवती केसासारखी भेग शोधावी. रॉकेल लावून, पुसून वर खडूची पूड टाकली की भेगेतलं रॉकेल पुडीवर रेघ उमटवतं. बिडावरचं जुनं वेल्डिंग दिसलं तर ते कशाने केलं ते विचारावं. साध्या रॉडने केलेलं असेल तर शेजारी पुन्हा तडकतं, निकेलच्या रॉडने किंवा पितळेने झाळलेलं टिकतं. जबडे बंद करून पलीकडे उजेड धरावा. जबड्याच्या पट्ट्या गेल्या असतील तर ईएन-८ पोलादाच्या नव्या करून मिळतात. नट संपला असेल तर मात्र खर्च मोठा.

जाम झालेला स्क्रू घणाने सोडवू नये. डिझेल आणि तेल मुरू द्यावं, रोज थोडं हलवावं. गंज काढायला धुण्याच्या सोड्याचं पाणी, बॅटरी चार्जर आणि लोखंडी पत्रा पुरतो. चार्जरची ऋण तार व्हाइसला, धन तार पत्र्याला. उलटं जोडलं तर व्हाइसच झिजायला लागतो. पत्रा स्टेनलेसचा कधीही घेऊ नये, त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरून विषारी होतं. हायड्रोजन सुटतो, म्हणून काम उघड्यावर आणि विडी-काडीपासून लांब. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासून धूळ उडवू नये. नंतर जवसाच्या तेलाचा पातळ हात, स्क्रूला ग्रीस. चकचकीत निकेल किंवा लाल रंग चढवलेले व्हाइस मला पाहवत नाहीत. जबड्यावरचे हातोड्याचे घाव, ड्रिलच्या चुकलेल्या खुणा ही काम केल्याची निशाणी आहे, ती भरून काढली की उरतं ते शोभेचं लोखंड.

कायद्याचं सांगणं भाग आहे. रेल्वेचा ठसा असलेला माल बाळगताना लिलावाची पावती हवी, कारण रेल्वेच्या मालमत्तेच्या बेकायदा ताब्यासाठी १९६६ चा वेगळा कायदा आहे. आणि शंभर वर्षांहून जुनी, एखाद्या कलेची किंवा कारागिरीची साक्ष देणारी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत येऊ शकते, त्यामुळे ती परदेशी विकण्याचा विचार करणाऱ्याने आधी पुरातत्त्व खात्याला विचारावं.

दिनकर गंगाधर केळकरांनी पुण्यात अडकित्ते, दिवे, कुलुपं, दौती जमवायला सुरुवात केली तेव्हा या वस्तू घराघरांत पडून होत्या आणि त्यांचं कुणाला काही वाटत नव्हतं. सुमारे वीस हजार वस्तूंचा तो संग्रह पुढे त्यांनी महाराष्ट्र सरकारला दिला. घरातल्या वस्तूंना असा माणूस मिळाला. वर्कशॉपमधल्या वस्तूंना अजून मिळालेला नाही, आणि येवल्यासारख्या गावात तो एकटा माणूस असण्याची गरजही नाही. वस्तू जिथे आहे तिथेच राहू द्यावी, चालत्या दुकानातला व्हाइस उचलून कपाटात ठेवण्यात मला काही अर्थ दिसत नाही. नोंद मात्र आजच व्हायला हवी, कारण वस्तू काट्यावर चढली की ती कुठल्या दुकानात, कुणाच्या हाताखाली, कोणत्या कामाला होती ही माहिती पहिल्यांदा जाते. भंगारवाल्याला ती ठाऊक नसते आणि त्याने ती सांगावी अशी अपेक्षाही नाही.

नोंद करायला लागतं फार थोडं. जबड्याची रुंदी, तो किती उघडतो, आट्यांचा आकार चौकोनी की उतरता, पेटी झाळलेली की एकसंध, अंगावरची सगळी अक्षरं. अक्षरं वाचता येत नसतील तर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासावी, डोळ्याला न दिसणारं कागदावर उमटतं. त्याखाली दुकानाचं गाव, तो व्हाइस कुणाकडून आला असं मालक सांगतो ते, आणि आज त्यावर काय काम चालतं. फिटर ट्रेडच्या मुलांना मोजमाप आणि ड्रॉइंग शिकायचंच असतं. त्यांनी आपापल्या गावचा एकेक व्हाइस मोजून, रेखाटून आणला तर एका वर्षात अंदरसूल, नगरसूल, पाटोदा, मुखेड आणि येवला शहर मिळून तालुक्याची पहिली वही तयार होईल, आणि तीत निनावी लोहारांच्या व्हाइससाठी पहिली पानं राखून ठेवावीत.